वेळेचा पंचनामा

आमच्या वडनेर भोलजीच्या फाट्यावर सकाळी मलकापूर-नांदुऱ्याकडे अपडाऊन करणाऱ्या शिक्षकांची, कारकुनांची आणि महाविद्यालयीन मुलांची जी दाटी असते, ती पाहिली म्हणजे महामार्ग हा आता केवळ दूरच्या मुलखाला जाण्याचा मार्ग राहिला नसून रोजच्या भाकरीची वाट झाला आहे, हे ध्यानात येते. पूर्वी 6 आणि आता 53 या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या या रस्त्यावर एखादा ट्रक आडवा झाला, की एस.टी. तासन् तास येत नाही. तरीही आमच्याकडे निदान शेतातून जाणाऱ्या पांदणी आहेत. महानगरात त्याही नाहीत.

आमच्या भागातील कितीतरी मुले पुण्यात नोकरीला असल्यामुळे तिथल्या नवले पुलाचे नाव इकडेही परके राहिलेले नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून त्या पुलाकडे उतरणाऱ्या दीर्घ उतारावर 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री झालेल्या अपघातात सुमारे 48 वाहनांचा चुराडा झाला, आणि 13 नोव्हेंबर 2025 च्या सायंकाळी, माणसे कामावरून परतण्याच्या ऐन वेळी, अनावर झालेल्या कंटेनरची धडक व त्यानंतर भडकलेली आग यांत किमान आठ जणांचा अंत झाला. अशा उतारावर डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडली म्हणजे इंजिनाचा स्वाभाविक अटकाव नाहीसा होऊन सारा भार ब्रेकवर पडतो, लायनर तापतात, जळक्या लायनरचा उग्र दर्प मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या नाकात शिरतो, आणि मग चालकाने पाय कितीही दाबला तरी पकड येत नाही. परगावची अवजड वाहतूक आणि धायरी, नऱ्हे, आंबेगाव, वारजे येथील चाकरमान्यांची ये-जा एकाच पट्ट्यावर आणून सोडल्यावर तेथील एक अपघात निम्म्या शहराचा श्वास कोंडतो, यात नवल ते काय?

अपघाताचा पंचनामा होतो. वाहनांचे नुकसान, रस्त्याची रुंदी, चाकांच्या खुणा हे सर्व दप्तरी दाखल होते. परंतु त्या संध्याकाळी हजारो माणसांचे जे तास रस्त्यावर गेले, त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात नसते आणि म्हणून त्यांचा जाब कोणाला द्यावा लागत नाही. रोजंदारीच्या मजुराचा मात्र अर्धा दिवस बिनचूक कापला जातो, आणि पाळणाघराच्या पायरीवर मूल दप्तर मांडीवर घेऊन आईची वाट पाहत राहते.

माणसे दगावली असता उशिराची तक्रार करणे अमानुष नव्हे काय, असे कोणी म्हणेल. 2 ऑक्टोबर 2023 च्या पहाटे आमच्याच गावाजवळ, याच महामार्गाच्या कामासाठी मेळघाटातून आलेले आणि रस्त्याकडेच्या शेडमध्ये झोपलेले मजूर ट्रकखाली चिरडले गेले, तेव्हापासून हा आक्षेप मी हलक्याने घेत नाही. मृतांपुढे तासांचा हिशेब क्षुद्रच आहे. परंतु ज्या कोंडीत नोकरदार अडकतो, तीतच रुग्णवाहिकाही अडकते, आणि जखमीच्या बाबतीत उशीर हीच प्राणघातक बाब ठरते. म्हणून या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

तेव्हा माझी मागणी अशी, की महामार्ग बंद झाल्याची रीतसर नोंदवही प्रत्येक जिल्हाधिकारी कचेरीत असावी: रस्ता कधी बंद झाला, क्रेन कधी पोहोचली, पहिली मार्गिका कधी खुली झाली, पर्यायी वाट लोकांना कोणत्या वेळी कळविली गेली. ती दरमहा जाहीर व्हावी, आणि तीत नोंदलेल्या बंदमुळे कामावर उशिरा आलेल्याची हजेरी पूर्ण धरण्याचा हुकूम सरकारी कचेऱ्यांनी स्वतःपासून सुरू करावा. उताराची दुरुस्ती, सेवारस्ते, अवजड वाहनांसाठी निराळी वाट यांना निधी आणि वर्षे लागतील, हे मान्य. या वहीला एक कारकून आणि एक घड्याळ पुरते.