कोडिंग जमत नाही की सेटअप जमत नाही?

डिप्लोमा किंवा इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला कॉम्प्युटर घेतलेल्या कुठल्याही मुलाला विचारा, पहिल्यांदा कुठे अडलास? पॉइंटर, रिकर्शन वगैरे फार पुढची गोष्ट. बहुतेक जण अडतात ते घरच्या लॅपटॉपवर पहिला प्रोग्राम चालवताना. काळ्या खिडकीत इंग्रजी ओळ येते, तिचा अर्थ एवढाच की 'जीसीसी' नावाची कमांड मला ओळखता येत नाही. मग पोरगं यूट्यूबवर पाच व्हिडिओ बघतं, पाच ठिकाणांहून पाच कंपायलर टाकतं, गोंधळ वाढतो आणि शेवटी घरी सांगतं, "मला कोडिंग जमत नाही."

अहो, त्यानं अजून कोडिंग केलेलंच नाहीये! जमलं नाही ते सेटअप. आणि ते त्याला कुणी शिकवलेलंच नाही.

त्या ओळीमागचं कारण अगदी साधं असतं. कॉम्प्युटरकडे काही फोल्डरांची यादी असते, तिला पाथ म्हणतात. ऑफिसातल्या शिपायाला चार कपाटांची यादी दिली आणि फाइल पाचव्या कपाटात असली, तर तो "नाही साहेब" म्हणूनच परत येणार. फाइल हरवलेली नसते, यादी अपुरी असते. कंपायलरच्या 'बिन' फोल्डरचा पत्ता त्या यादीत घालायचा आणि टर्मिनल बंद करून नवीन उघडायचं. जुन्या उघड्या खिडकीला नवी यादी कळत नाही, आणि निम्मी मुलं इथेच हरतात.

दुसरा घोळ म्हणजे एडिटर आणि कंपायलर यांतला फरक. व्हीएस कोड ही वही आहे, विंडोजवर तिच्यासोबत सी चा कंपायलर येत नाही. तो वेगळा टाकावा लागतो. तिसरा घोळ, मशीनवर दोन-तीन कंपायलर साठलेले असणं. 'व्हेअर जीसीसी' ही कमांड दिली की नेमका कुठला आधी सापडतोय ते दिसतं. चौथा, 'विनमेन' सापडत नाही अशी एरर. ऐकायला भयंकर, पण पुष्कळदा फाइल सेव्ह करायची राहिलेली असते किंवा 'मेन' लिहिताना स्पेलिंग चुकलेलं असतं. आणि पन्नास एरर आल्या तर पहिली वाचायची. बाकीच्या बऱ्याचदा तिचीच पिल्लं असतात.

एवढं सगळं दोन तासांच्या एका प्रॅक्टिकलमध्ये शिकवून होतं. मग शिकवत का नाहीत? कारण बऱ्याच लॅबमध्ये आजही टर्बो सी++ चालतं. बोर्लंड कंपनीचं, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचं सॉफ्टवेअर! सी++ चं पहिलं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आलं १९९८ साली, म्हणजे हा कंपायलर त्याच्याही आधीचा. आजच्या ६४ बिट विंडोजवर तो थेट चालतच नाही. म्हणून डॉसबॉक्समध्ये चालवतात, जे जुने गेम खेळायला बनवलेलं आहे.

गंमत बघा. टर्बो सी मध्ये दोन 'इंट' व्हेरिएबल घ्या, दोन्हींत २०० ठेवा आणि गुणाकार छापा. उत्तर येतं उणे २५,५३६. कारण तिथे इंट दोन बाइटचा, ३२,७६७ च्या पुढे जातच नाही. आजच्या कंपायलरवर तोच प्रोग्राम सरळ ४०,००० दाखवतो. 'क्लियरस्क्रीन', 'गेटच', 'व्हॉइड मेन' हे सगळं मुलं पाठ करतात. घरी जीसीसीवर तोच कोड टाकला की एरर. मूल समजतं आपलंच चुकलं.

सरांची बाजूही आहे, नाकारत नाही. साठ पोरांचे साठ लॅपटॉप, प्रत्येकाचं विंडोज वेगळं, लॅब असिस्टंट नाही, वर्षानुवर्षांच्या नोट्स आणि जर्नल टर्बो सी वर बेतलेली. पण याला उपाय आहेत. लॅबमध्ये उबुंटू टाकलं तर 'बिल्ड-इसेन्शियल' नावाच्या एका पॅकेजमधून जीसीसी आणि मेक दोन्ही येतात, फुकट. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात असे धडे मराठीतून ऐकायला मिळतात. ऑनलाइन कंपायलर पहिल्या आठवड्याला ठीक, पण त्यावरच राहिलं तर कंपायलर, लिंकर, पाथ हे शब्द थेट नोकरीतच कळणार. कंपनीत पहिल्या दिवशी हातात येतो शेकडो फाइलींचा प्रोजेक्ट आणि त्याचं बिल्ड. 'मेक' हे टूल १९७६ सालचं आहे, तरी फायनल इयरची मुलं ते न बघता बाहेर पडतात. मग प्रोजेक्ट एकाच मित्राच्या लॅपटॉपवर चालतो आणि व्हायव्हाच्या दिवशी तो मित्र गैरहजर!

यात मरतं कोण? ज्याचा दादा पुण्यात आयटीत आहे, त्याचं सेटअप फोनवर दहा मिनिटांत होतं. ज्याच्या घरात हा पहिलाच लॅपटॉप आलाय, तोही कर्ज काढून, त्या पोरीला विचारायला कुणी नाही. ती हुशारीत कमी नसते. पण पहिल्या महिन्यात तिच्या मनात बसतं की हे आपलं काम नव्हे, आणि बाप क्लासची फी शोधायला लागतो.

म्हणून मागणी साधी आहे. पहिली दोन प्रॅक्टिकल सेटअप आणि एरर वाचण्याची ठेवा आणि त्याला मार्क द्या. लॅबमधून टर्बो सी काढा. नेहमीच्या दहा एरर, त्यांचा मराठीत अर्थ आणि उपाय, असा एक कागद भिंतीवर लावा. खर्च? एका प्रिंटआउटचा.

पालकांनो, पुढच्या मीटिंगला हजेरीच्या टक्क्यांसोबत हेही विचारा, "सर, लॅबमध्ये कुठला कंपायलर आहे?" काय उत्तर मिळतं ते कमेंटमध्ये सांगा. कॉलेजचं नाव नको, कंपायलरचं पुरे.