माकडतापाच्या लशीचा भाव आधी ठरवा

सदाशिव पेठ, पुणे ४११ ०३०

प्रति,
महासंचालक,
भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद,
नवी दिल्ली

महोदय,


माकडतापावरच्या नव्या लशीचे काम परिषदेने हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सला बरोबर घेऊन सुरू केले आहे. त्याबद्दल आपले अभिनंदन करावे की इतका उशीर का झाला असे विचारावे, यावर आमच्या पेठेत एकमत होणे अवघड आहे. म्हणून तो वाद बाजूला ठेवतो आणि एकच मागणी करतो. ही लस कोणासाठी आहे, ती किती रुपयांना मिळेल, किती डोसांत काम भागेल, शीतपेटीबाहेर किती तास टिकेल आणि चाचण्यांची कागदपत्रे कोणाला पाहता येतील, हे सगळे लस तयार होण्याआधी जाहीर करा. आणि ते ठरवताना ज्यांना हा ताप येतो त्यांना समोर बसवा. त्यानंतर त्या अटींवर जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेची मदत खुशाल घ्या. क्रम असाच हवा, हे सांगण्यासाठी हे पत्र.

माकडतापाचा इतिहास पुण्यातूनच सुरू होतो, हे आपल्याला सांगायला नको. परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र काढले. तीच आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, पाठोपाठ माणसे तापाने आजारी पडू लागली, तेव्हा आफ्रिकेतला पीतज्वर भारतात उतरला की काय अशी धास्ती होती. पुण्याच्या पथकाने जाऊन शोध घेतला. विषाणू निघाला नवाच, रशियातल्या गोचिडांमधून पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या गोतातला. गोत जुळते म्हटल्यावर त्या रशियन आजाराविरुद्धची लस अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतून आणून टोचली गेली. तिचा उपयोग झाला नाही. पुढच्या सगळ्या युक्तिवादाचे बीज या छोट्या गोष्टीत आहे. परदेशी सहकार्यामुळे विषाणू सापडला, पण दुसऱ्याच्या गरजेसाठी बनवलेली तयार वस्तू आपल्या जंगलात चालली नाही.

नंतर कर्नाटकात देशी लस निघाली. ती बेंगळुरूला बनत असे. दोन डोस, मग वर्धक, मग पुन्हा वर्धक, असा तिचा क्रम. २००५ ते २०१० या काळातल्या आकडेवारीवरून तिचे संरक्षण दोन डोसांनंतर सुमारे ६२ टक्के आणि वर्धक डोस घेतल्यावर सुमारे ८३ टक्के निघाले. ऐन काजूच्या हंगामात रोजंदारी बुडवून तिसऱ्यांदा टोचून घ्यायला किती जण येणार, हा हिशेब करणे अवघड नव्हते. २०२२ मध्ये ती लस थांबवण्यात आली. दरम्यान आजाराने कर्नाटकाची हद्द ओलांडली होती. २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी, २०१६ मध्ये आमच्या सिंधुदुर्गातील दोडामार्ग, त्यानंतर सावंतवाडी तालुक्यातील बांदा. जानेवारीनंतर जंगलात हा आजार पसरवणाऱ्या गोचिडांची पिल्ले पसरतात. तिळाएवढी, पायावर चढलेली कळतसुद्धा नाहीत. नेमके त्याच दिवसांत लोक भाजावळीसाठी पातेरा गोळा करायला, गुरे चारायला, काजूच्या बागांत बोंडे वेचायला जातात. रुग्णांपैकी शंभरात तीन ते पाच दगावतात. बाकीच्यांचे काही आठवडे अशक्तपणात जातात, आणि हातावर पोट असलेल्या घराला ते आठवडे महाग पडतात.

आता पुण्यातल्या हडपसरकडे वळू. या शहरात बनलेल्या मेनआफ्रिव्हॅक या लशीची हकिगत परिषदेच्या दफ्तरी असेलच, पण ती कोणत्या क्रमाने घडली याकडे लक्ष वेधायचे आहे. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आफ्रिकेचा जो आडवा पट्टा जातो, तिथे कोरड्या दिवसांत मेंदूच्या आवरणाच्या दाहाची साथ येत असे. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि सुमारे पंचवीस हजार मेले. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थेने गेट्स फाउंडेशनच्या सात कोटी डॉलरच्या मदतीवर एक प्रकल्प उभा केला. त्यांनी सुरुवात प्रयोगशाळेतून केली नाही. आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांना आधी विचारले की तुम्हाला कशी लस परवडेल. उत्तर आले की डोसाची किंमत अर्ध्या डॉलरच्या आत नसेल तर आणूच नका. मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांशी बोलणी केली, ती या आकड्यापाशी अडली. मग प्रकल्पाने कामाचे तुकडे केले. जिवाणूच्या आवरणातली शर्करा नेदरलँड्समधल्या कंपनीकडून घेतली. ती शर्करा प्रथिनाला जोडण्याचे तंत्र अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सरकारी प्रयोगशाळेतून मिळाले. नुसती शर्करा टोचली तर लहान मुलांचे शरीर तिची आठवण ठेवत नाही, म्हणून ही जोडणी लागते. जोडायचे प्रथिन, म्हणजे धनुर्वाताचे निर्विष केलेले विष, आणि पुढचे सगळे उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे आले. चाचण्या भारतात झाल्या, मग माली, गांबिया आणि सेनेगलमध्ये, म्हणजे ज्यांना टोचायचे त्यांच्याच देशांत. २००९ च्या अखेरीस भारतात परवाना मिळाला, २०१० च्या जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता आली आणि ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली.

अर्ध्या डॉलरची अट एवढ्यावर संपली नाही, आणि मला या कहाणीतला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. ज्या गावात वीज नाही तिथे लस पोहोचवण्याचा बराच खर्च बर्फाचा असतो. लस उष्णतेत किती टिकते हे तपासले तेव्हा ती चाळीस अंशांत चार दिवस तग धरते असे सिद्ध झाले. २०१२ मध्ये तशी मान्यता मिळाली आणि बेनिनमध्ये आरोग्यसेवकांनी बर्फाच्या पिशव्यांशिवाय, साध्या पेटीतून ती गावोगाव नेली. कोणी तरी अट घातली होती म्हणून कोणी तरी तपासले. पुढच्या दशकात तीस कोटींहून जास्त लोकांना ही लस टोचली गेली आणि २०१७ नंतर त्या पट्ट्यात, ही लस ज्याच्याविरुद्ध होती त्या अ गटाच्या जिवाणूमुळे झालेला रुग्ण नोंदला गेलेला नाही. आता त्याच पठडीतली पाच गटांविरुद्धची मेनफाइव्ह ही लसही पुण्यातच बनते आणि २०२४ मध्ये नायजेरियाने ती प्रथम वापरली.

यावर पहिला आक्षेप आपल्याच परिषदेच्या इतिहासातून येतो, आणि तो टाळणे अप्रामाणिक ठरेल. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस मुलींना टोचण्याचा प्रकल्प झाला. तो पाथ या संस्थेनेच परिषदेच्या सहभागाने चालवला होता. म्हणजे एकाच परदेशी संस्थेने आफ्रिकेत गौरव मिळवला आणि भारतात फजिती करून घेतली. सात मुलींचे मृत्यू झाले. ते लशीमुळे झाल्याचे चौकशीत दिसले नाही, पण २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला आणि वसतिगृहांच्या प्रमुखांनी पालकांच्या वतीने संमतिपत्रांवर सह्या केल्याचे उघड झाले. २०१३ मध्ये संसदेच्या समितीने परिषदेचीही कानउघाडणी केली. त्याआधी सत्तरच्या दशकात दिल्लीत जागतिक आरोग्य संघटना आणि परिषद मिळून जनुकीय पद्धतीने डासांची पैदास रोखण्याचे प्रयोग करत होत्या. त्यामागे अमेरिकी पैसा आणि लष्करी हेतू असल्याचा संशय वर आला, १९७५ मध्ये लोकलेखा समितीने ताशेरे ओढले आणि प्रकल्प गुंडाळावा लागला. हे पाहून कोणी म्हणेल की परदेशी हात जितके दूर ठेवावेत तितके बरे. मी उलट म्हणतो. दोन्ही ठिकाणी बिघडले ते कोणाला न विचारता आणि कोणाला न सांगता काम चालवल्यामुळे. प्रयोग पूर्ण देशी असता तरी वसतिगृहाच्या प्रमुखाने केलेली सही पालकांची सही झाली नसती. १८९७ च्या प्लेगमध्ये याच पेठांच्या वाड्यांत सोजिरांनी तपासण्या केल्या तेव्हा रोग खरा होता आणि आवर घालण्याची निकडही खरी होती. लोकांना न विचारता दार ढकलले, तो राग पुण्याला अजून आठवतो. त्याच वर्षी मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती, आणि ते तर ओडेसाचे रशियन ज्यू होते.

दुसरा आक्षेप स्वावलंबनाचा. करोनाच्या काळात परिषदेने विषाणू वेगळा काढला, हैदराबादच्याच दुसऱ्या एका कंपनीने त्याच्यापासून कोव्हॅक्सिन बनवले, मग माकडतापासाठी परक्याचे तोंड का पाहावे? प्रश्न रास्त आहे. पण कोव्हॅक्सिनमध्ये प्रतिसाद वाढवणारा जो घटक घातला होता तो कॅन्ससमधल्या व्हायरोव्हॅक्स या छोट्या कंपनीचा होता आणि त्यामागे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचा पैसा होता. त्यामुळे कोव्हॅक्सिन कमी भारतीय ठरत नाही. विषाणू कोणता, अट कोणाची आणि उत्पादन कुठे, ही किल्ली आपल्या हातात राहिली तर बाकीचे सुटे भाग कुठूनही आले तरी चालतात. माकडतापाचा विषाणू हाताळायला पाषाणची बीएसएल-४ प्रयोगशाळा आहे. कमी डोसांत टिकाऊ प्रतिकार कसा मिळवायचा, हे मात्र ज्यांनी युरोपातल्या गोचीडजन्य मेंदूज्वरावर पन्नास वर्षे काम केले त्यांना विचारण्यात कमीपणा कसला?

तिसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा आहे आणि तोच सगळ्यांत टोकदार आहे. वर्षाला सरासरी चारपाचशे रुग्ण, तेही जंगलाकाठचे. कोण गुंतवणूक करणार? आफ्रिकेच्या पट्ट्यात कोट्यवधी डोस खपणार होते म्हणून अर्ध्या डॉलरचे गणित बसले, इथे ते बसणार नाही. मान्य. म्हणूनच किंमत आधी ठरवायला हवी. बाजार लहान आहे हे उघडपणे मांडले की उत्पादनखर्च आणि परवडणारा भाव यांतली तूट दिसते, आणि ती केंद्र भरणार, राज्ये भरणार की कोणी परदेशी निधी, हे वेळेत ठरवता येते. तूट झाकून ठेवली की लस तयार होते आणि खरेदीच्या टेबलावर पडून राहते. शिवाय बाजार दिसतो तितका एकट्या सह्याद्रीचा नाही. १९९५ च्या सुमारास जेद्दाहला सापडलेला अलखुर्मा विषाणू याच विषाणूचा सख्खा भाऊबंद आहे आणि चीनच्या युनानमध्ये सापडलेला नानजियानयिन तर जवळपास हाच. सौदी अरेबियाला आणि चीनला या गोताच्या लशीत रस का असू नये, हे परिषदेने त्यांना विचारून तरी पाहावे. जोखीम नेमकी कुठे वाढते हे शोधण्याच्या कामी अशी हातमिळवणी झालेलीच आहे. ब्रिटनचे परिस्थितिकी व जलविज्ञान केंद्र आणि बेंगळुरूची एट्री संस्था यांनी भारतीय सहकाऱ्यांसह जंगल आणि बागायत जिथे एकमेकांत घुसतात तिथले धोक्याचे नकाशे काढले आहेत.

तेव्हा मागणी पुन्हा, जरा नेमकी करतो. दोडामार्ग, सावंतवाडी, सत्तरी, शिवमोग्गा, उत्तर कन्नड आणि वायनाड इथले तालुका आरोग्य अधिकारी, आशाताई, काजू बागायतदार आणि पातेरा गोळा करणाऱ्या बायका यांच्याकडून परिषदेने लशीच्या अटी लिहून घ्याव्यात. तिसऱ्या डोसाला लोक येतात का, आरोग्य उपकेंद्रापासून वाडी किती दूर आहे, उन्हात पेटी किती वेळ राहते, याची उत्तरे दिल्लीत नाहीत. त्यावरून किंमत, डोस आणि उष्णतेतला टिकाव यांचे आकडे काढावेत आणि ते मराठी, कोकणी, कन्नड आणि मल्याळममध्ये प्रसिद्ध करावेत. चाचणीतल्या प्रत्येक सहभागीला त्याच्या भाषेतले संमतिपत्र मिळावे आणि ते सही करण्याआधी घरी नेता यावे. परदेशी प्रयोगशाळेशी जो करार होईल त्यात नमुने कुठे जाणार, त्यांच्यावरचे हक्क कोणाचे आणि परत काय येणार, हे कलम जाहीर असावे. यातले कोणतेही काम लस तयार होण्याची वाट पाहत नाही. पुढचा हंगाम डिसेंबर-जानेवारीत सुरू होतो. त्याआधी दोडामार्गला एक बैठक लावता आली तर आमच्या पेठेतले अभिनंदनाचे पत्रही लगोलग धाडता येईल.

आपला नम्र,
सदाशिव पेठेतील एक नागरिक