शिवारातील मिटलेला फोन

महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाच्या नोंदीचे काम तलाठ्याच्या दप्तरातून काढून शेतकऱ्याच्या हातातील स्मार्टफोनवर सोपविले. आपल्या शेतात उभे राहावे, सोयाबीनचे छायाचित्र घ्यावे आणि ते पाठवावे, म्हणजे सातबारावर पीक चढते. योजना चांगली आहे. तिला आमचा विरोध नाही. परंतु ही सारी व्यवस्था ज्या बॅटरीच्या जिवावर उभी आहे, तिचा विचार कोणी केला आहे काय? भाद्रपदाच्या उन्हात, क्षीण नेटवर्कशी झगडत असलेला जुना फोन मध्येच मिटतो आणि नांदेड-लातूरकडील शेतकऱ्याला चार्जिंगसाठी गावात परतावे लागते. तेथे वीज असेलच, असे नाही. २०२३ च्या खरिपातील सोयाबीन-कापसासाठी हेक्टरी ५,००० रुपयांचे साहाय्य जाहीर झाले, तेव्हा आधी हीच नोंद विचारली गेली, हे येथील शेतकरी विसरलेला नाही.

रसायनशास्त्र हा काही आमचा विषय नव्हे. तथापि लिथियम-आयन बॅटरीला उष्णता मानवत नाही, एवढे समजण्यास प्रयोगशाळा लागत नाही. १९९१ साली ती बाजारात आली, २०१९ मध्ये तिच्या जनकांना नोबेल पारितोषिकही मिळाले. पण उष्णतेने तिच्यातील नको त्या क्रिया वाढतात आणि वीज साठविण्याची तिची शक्ती कायमची घटते. फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा, असे काही नामांकित निर्मातेच सांगतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. मग दोष ग्राहकाच्या हाताळणीचा कसा?

उद्या द्रवाऐवजी घन माध्यमाच्या, किंवा लिथियमऐवजी सोडियमवर चालणाऱ्या बॅटऱ्या सर्रास मिळू लागतील. त्यांचे स्वागतच करू. परंतु त्यांच्या भरवशावर यंदाचा खरीप नोंदला जाणार नाही. पूर्वी फोनचे झाकण नखाने उघडून बॅटरी बदलता येई. आता ती आत चिकटवून टाकलेली असते. ग्राहकाला स्वतः काढता येईल अशीच बॅटरी असावी, असा कायदा युरोपीय संघाने २०२३ मध्ये केला आणि काही अपवाद ठेवून त्यासाठी १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख ठरविली. भारतात केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी २०२२ मध्ये समिती नेमली. तेवढ्याने भागणार नाही. येथेही तशीच सक्ती हवी. नांदेड व लातूरच्या खासदारांनी हा प्रश्न लोकसभेत मांडावा, आणि तोवर पीक पाहणीच्या दिवसांत प्रत्येक ग्रामपंचायतीत चार्जिंगची सोय तरी दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी करून द्यावी.