सुतक कोणाचे, पाळायचे कोणी?

मृत्यूच्या दारी आवाज खाली करावा, हे आम्हां मराठी माणसांना कोणी शिकवायला नको. आळीत कोणी गेले, तर त्या संध्याकाळी आपण आकाशकंदील लावीत नाही. पण वाचकहो, म्हणून तो फोडून उकिरड्यावर टाकतो का? एवढा साधा विवेक इंग्लंडातल्या एका बड्या कंपनीला १९९७ साली सुचला नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

बर्मिंगहॅमचा लॉरेन्स नावाचा एक गायक. त्याचा पहिला संच 'फेल्ट' १९८९ मध्ये मोडला. मग त्याने 'डेनिम' उभा केला. या संचाचे दैवत १९७० नंतरच्या चार-पाच वर्षांतले ग्लॅम रॉक : चकाकते कपडे, उंच टाचांचे बूट, ठणठणीत गिटार आणि पोराटोरांनीही पाय आपटीत म्हणावीत अशी धृपदे. शहाण्यांनी नाके मुरडलेले हे संगीत लॉरेन्सने उराशी धरले. १९९२ च्या 'बॅक इन डेनिम'साठी तर त्याने जुन्या 'ग्लिटर बँड'मधले वादक आणून वाजविले!

१९९७ त 'डेनिम'चे 'समर स्मॅश' हे गाणे ईएमआय कंपनी बाजारात आणणार, तोच ३१ ऑगस्टला राजकन्या डायना पॅरिसमध्ये मोटार-अपघातात गेली. 'स्मॅश' म्हणजे गाजलेले गाणे. पण त्याच शब्दाचा दुसरा अर्थ टक्कर. झाले! कंपनीने गाणेच मागे घेतले.

त्या आठवड्यात ते वाजवू नये, असे आम्हीही म्हटले असते. पण महिनाभर थांबता आले नसते? नाव बदलता आले नसते? त्याच सप्टेंबरात एल्टन जॉनने मेरिलिन मन्रोवरचे आपले १९७३ चे गाणे नवे शब्द घालून डायनाला वाहिले. जगभर त्याच्या तीन कोटींहून अधिक प्रती खपल्या. पैसा धर्मादाय गेला, त्याला आमचा नमस्कार. पण म्हणजे दुकाने उघडीच होती, आणि शोकाला गाणे वर्ज्य नव्हते! थोरामोठ्याच्या गाण्याचे शब्द बदलायला सवड मिळाली. लहानाच्या गाण्याचे नाव बदलायला मिळाली नाही.

'डेनिम' पुढे फार टिकला नाही. ते गाणे गाजलेच असते, असे आमचे म्हणणे नाही. कदाचित आपटलेही असते. पण श्रोत्यांपुढे येऊन आपटण्याचा हक्क तरी गरिबाला असावा की नाही? सुतक राजवाड्याचे आणि फिरायचे ते मात्र धाकट्याच्या चुलीवर पाणी, या रीतीला कोणी शोक म्हणू नये.