राजवैभव आणि लोकभाषा

राजवस्त्रे उतरवून ठेवणे कठीण खरेच. पण विद्वत्तेची ऐट सोडून सामान्य जनांच्या भाषेत बोलणे त्याहून कठीण, असे आमचे मत आहे.

इंग्लंडातील नॉर्थंब्रियाचा राजा ऑस्वाल्ड (राज्यकाल इ. स. ६३४–६४२) हा संत गणला जातो. एडन बिशप तेथे धर्मोपदेशास आले, तेव्हा त्यांस इंग्रजी नीट येत नव्हती. परागंदा असताना ऑस्वाल्ड त्यांची आयरिश भाषा शिकला होता. म्हणून तो स्वतः दुभाष्या होऊन आपल्या सरदारांस उपदेशाचा अर्थ सांगत असे. त्यात त्यास कमीपणा वाटला नाही.

आपल्या वऱ्हाडातही असाच दाखला आहे. महानुभाव परंपरेनुसार, तेराव्या शतकात भडोचचा प्रधानपुत्र हरिपाळदेव वैभव सोडून रामटेकच्या यात्रेस निघाला. ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंचा अनुग्रह झाला आणि तोच पुढे चक्रधरस्वामी म्हणून प्रसिद्ध झाला. जन्म गुजरातेत, पण उपदेश मराठीत! पुढे केशवराज पंडित संस्कृतात ग्रंथ रचू लागले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांस थांबविले; अशाने आपल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानास मुकतील, ही त्यांची चिंता होती.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आम्हांस आनंद आहे. तथापि विद्यार्थिमित्रहो, इंग्रजी अवश्य शिका. ऑस्वाल्डही परभाषा शिकलाच होता. मात्र वर्गात शिकलेले घरी आजीस तिच्या बोलीत समजावून सांगता येत नसेल, तर ती विद्या अपुरीच होय. पालकांनीही मुलाच्या इंग्रजीचे कौतुक करताना त्यास एवढे जरूर विचारावे.