वीटभट्टीच्या हंगामातला आहार

वसई तालुक्यात अन्नाचा तुटवडा नाही. रेल्वेच्या पश्चिमेच्या वाड्यांतून केळी, वांगी, दुधी, पालेभाज्या निघतात आणि पहाटेच्या लोकलने मुंबईच्या बाजारात पोहोचतात. अर्नाळा, पाचूबंदर, नायगावला मासळी उतरते. पूर्वेला महामार्ग ओलांडला की शिरसाड, पारोळ, भाताणे, मेढे ही गावे आणि त्यांचे वारली, कातकरी, मल्हार कोळी पाडे लागतात. अंतर फार नाही, पण वाडीतली भाजी आणि बंदरावरची मासळी रोज पैसे असणाऱ्याकडे जाते, आणि पाड्यावर रोज पैसे नसतात.

पोट भरण्याचा प्रश्न रेशनने बराच हलका केला. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य ठरवून दिले, अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. माणशी पाच किलो म्हणजे दिवसाला साधारण 165 ग्रॅम, जेमतेम पावणेसहाशे कॅलरी. डाळ, तेल, अंडी, भाजी ही विकतच घ्यावी लागतात. म्हणून पाड्यावरच्या पोषणाचा हिशेब आहारतक्त्यावर मांडून भागत नाही, तो कुटुंबाच्या हातात रोख कधी येते यावर मांडावा लागतो.

पावसाळ्यात आवणीची मजुरी मिळते आणि रानही साथ देते. शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी यांनी ताट हिरवे राहते. घरातला दाणा मात्र त्याच सुमारास संपत आलेला असतो. भातकापणीनंतर चार दिवस बरे जातात आणि दिवाळी उलटली की कुटुंबे वीटभट्टीवर जातात. पूर्वपट्ट्यातल्या भट्ट्यांवर जव्हार, मोखाडा, विक्रमगडचीही माणसे येतात. मालकाकडून घेतलेली उचल आधीच खर्च झालेली असते. हंगामभर आठवड्याची खर्ची मिळते, बाकीचा हिशेब पाऊस तोंडावर आल्यावर होतो. खर्ची मिळाल्यावर बाजार होतो, दोन-तीन दिवस कालवण असते, नंतर भात आणि मिरची. आई-बाप अंधारातच गाऱ्याला भिडतात. लहानगे भोंग्यात, म्हणजे भट्टीवरच्या झोपडीत, थोरल्या बहिणीपाशी असते, आणि ती स्वतःच सात-आठ वर्षांची. मोठ्यांच्या दोन जेवणांत मिळेल तेवढे त्याने खायचे. दोन वर्षांच्या मुलाचे पोट वाटीएवढे. त्याला दिवसातून चार-पाच वेळा थोडे-थोडे आणि स्निग्ध खाणे लागते. पातळ पेजेने पोट फुगते, वजन वाढत नाही. त्याच पेजेत चमचाभर तेल घातले तर चाळीस-पंचेचाळीस कॅलरी वाढतात, आणि हे भट्टीवरही जमण्याजोगे आहे.

1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालमृत्यू झाले, तेव्हापासून कुपोषण म्हटले की नजर जव्हार-मोखाड्याकडे वळते. ते योग्यच. पण त्याच तालुक्यांतली कित्येक मुले वर्षाचा निम्मा काळ वसई-भिवंडीच्या भट्ट्यांवर काढतात, आणि योजना गावाला बांधलेल्या असतात. आदिवासी क्षेत्रातल्या गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना 2015 मध्ये सुरू झाली. पुढे लहान मुलांसाठी अंडी-केळी त्यात आली. वसई तालुका अनुसूचित क्षेत्रात अंशतःच मोडतो. मोखाड्याहून निघालेल्या गरोदर बाईची भट्टी त्या हद्दीबाहेरच्या गावात पडली, तर तिथल्या अंगणवाडीत हे जेवण शिजतच नाही. बाई तीच, महिना आठवा, फक्त गाव बदलले.

धान्याच्या बाबतीत ही गाठ सुटली आहे. शिधापत्रिका आता कोणत्याही दुकानावर चालते. अडते ते अंगठ्यावर, कारण मातीत राबून झिजलेले ठसे यंत्र घेत नाही. अशा वेळी घरातल्या दुसऱ्या सदस्याचा ठसा किंवा दुकानदाराकडची पर्यायी सोय वापरून घ्यावी लागते. अंगणवाडीचा लाभही स्थलांतराच्या गावात मिळू शकतो, फक्त नाव तिथे चढायला हवे. उसगावच्या विधायक संसदेने भट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालवल्या. तिथे मूल शाळेत येण्याची वाट न पाहता शाळा भट्टीवर गेली. अंगणवाडीच्या गरम ताज्या आहाराचा डबा तसा जायला हरकत नसावी.

आणि सुकट, म्हणजे वाळवलेली मासळी. या तालुक्यात पोषणावर बोलताना तिचा उल्लेख का होत नाही, हे कोडेच आहे. शंभर ग्रॅम सुक्या जवळ्यात साठ ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात, कॅल्शियम भरपूर. दहा ग्रॅम जवळा म्हणजे एका अंड्याइतकी प्रथिने. शीतकपाट नको, फुटण्याची भीती नाही. पाड्यावर आगोटीला, पावसाच्या तोंडावर, सुकट भरून ठेवायची रीत जुनी आहे, ती शिकवावी लागत नाही. काळजी दोन गोष्टींची. जवळ्यात वाळू असते, म्हणून तो चाळून, धुऊन, भाजून घ्यावा. लहान मुलांसाठी खारवलेली मासळी टाळून वलांडीवर (वाळवणाच्या मांडवावर) बिनमिठाचे वाळवलेले बोंबील घ्यावेत. त्यांची बारीक पूड भातात कालवली की मुले आवडीने खातात. किनाऱ्यावरच्या मासळी विकणाऱ्या महिलांचे बचतगट आणि पूर्वेच्या पाड्यांवरचे गट यांची सांगड घातली, तर ही खरेदी दलालावाचून होईल. मात्र ती मे महिन्यातच व्हायला हवी. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि सुकटीचे भाव चढतात.

परसबागा आणि गावठी कोंबड्या यांचे महत्त्व कोणी नाकारत नाही, पण दिवाळी ते वैशाख ज्या घराला कुलूप असते तिथे त्यांचा उपयोग बेताचाच. भट्टीवरच्या कुटुंबाला तिथल्या तिथे मिळणारे अन्नच कामाला येते.

तेव्हा दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात प्रत्येक अंगणवाडी पर्यवेक्षिकेने आपल्या बीटमधल्या भट्ट्यांची यादी करावी, सहा वर्षांखालची मुले व गरोदर स्त्रिया नावानिशी नोंदवाव्यात आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या प्रत्येक मुलाच्या दंडाचा घेर मोजावा. साडेअकरा सेंटिमीटरखाली भरलेले मूल त्याच दिवशी आरोग्य केंद्रात दाखवावे. पुढच्या बाजारापर्यंत थांबू नये.