‘निगेटिव्ह’ पुस्तकं आणि आयुष्याचं ध्येय

तरुण मुलांनी ‘निगेटिव्ह’ पुस्तकं वाचू नयेत, असं सध्या आमच्या नात्यात ठरलं आहे. चुलतबहिणीची नात नुकतीच बारावी झाली. ती ‘फ्रँकेन्स्टाइन’ आणि ‘क्राइम अँड पनिशमेंट’ उशाशी घेऊन झोपते. असल्या वाचनानं पोरीचं ध्येय भरकटेल, म्हणून ती पुस्तकं बंद. त्याऐवजी यशाची सूत्रं सांगणारी पुस्तकं तिच्या टेबलावर आली आहेत.

नातेवाईक मंडळी इथं वाचायला येतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

मी मराठी माध्यमातली बी. ए. ही पुस्तकं भाषांतरांतूनच वाचली, पण वाचली. ज्यांनी बंदी घातली त्यांनी ती उघडलेली दिसत नाहीत. उघडली असती तर कळलं असतं, की त्यांतली माणसं ध्येयानं नुसती झपाटलेली आहेत!

व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हा विद्यार्थीच. निर्जीव देहात प्राण आणायचा, हे त्याचं ध्येय. त्यासाठी तो तहानभूक विसरतो, घरच्यांना पत्र लिहायचंही विसरतो. आणि ध्येय साध्य होतं हो! पण जे निर्माण केलं त्याची जबाबदारी न घेता तो पळून जातो. पुढचा सगळा अनर्थ त्यातून होतो. मेरी शेलीनं १८१६ साली हे लिहायला घेतलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती. म्हणजे आमच्या नातीएवढीच.

१८६६ मधला रास्कोल्निकोव्ह तर कायद्याचा विद्यार्थी, पैशाअभावी शिक्षण सुटलेला. असामान्य माणसाला नेहमीचे नियम लागू नसतात, हा त्याचा सिद्धांत. डोळ्यांपुढे नेपोलियन. सावकारी करणाऱ्या म्हातारीला मारायला जातो आणि अचानक समोर आलेल्या तिच्या निरपराध बहिणीलाही मारून बसतो. ‘तू सगळ्यांहून वेगळा आहेस, मागे वळून पाहू नकोस’ असं शिकवणाऱ्या पुस्तकांत ही बहीण कुठं भेटते, सांगा पाहू?

आणि महाभारत आपणच मुलांच्या हातात देतो ना? त्यात अश्वत्थामा झोपलेल्या मुलांना मारतो, ते काय ‘पॉझिटिव्ह’ आहे? ‘श्यामची आई’ तरी कोण कोरड्या डोळ्यांनी संपवतं?

मूल जेवेना, झोपेना, बोलेना झालं तर जरूर डॉक्टरांकडे न्यावं. ही मुलगी तर चांगली हसते-खेळते, भांडते.

आता तिच्या ध्येयाविषयी. तिला फौजदारी वकील व्हायचं आहे, आणि तेही ज्यांना वकिलाची फी परवडत नाही अशांसाठी. अशा आरोपींना मोफत वकील देण्याचा कायदा आपल्याकडे आहे. त्या कामाला मन लावून उभं राहणारी माणसं हवीत. ती मला म्हणाली, “आजी, खून केलेल्याच्या शेजारी उभं राहायचं, तर तोही माणूस आहे हे आधी मला पटायला हवं ना?” हे तिला कुठल्या यशाच्या सूत्रानं शिकवलं असतं?

काय मिळवायचं, हे सांगणारे मुलांना पावलोपावली भेटतात. ते मिळवताना कोण चिरडलं जाईल, हे विचारणारं कुणीतरी हवं की नको? तेव्हा मंडळी, बंदी उठवा. आणि हो, त्यातलं एखादं पुस्तक आधी स्वतः वाचा. मग माझ्याशी भांडायला या. चहा ठेवते.